तो तलाव नव्हे, ते धरण आहे

१/ अमरावतीच्या वडाळी किंवा छत्री तलावाच्या बांधावर संध्याकाळी उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, ‘आपण कुठे उभे आहात?’ उत्तर येईल, ‘तलावाच्या काठावर.’ वस्तुतः तो काठ निसर्गाने घडवलेला नाही. माणसांनी माती वाहून, थरावर थर रचून, ठोकून तो उभा केला आहे. तो काठ नसून मातीच्या धरणाचा माथा आहे. आजचा थ्रेड या एका शब्दाच्या फरकाविषयी आहे.

२/ माझे प्रतिपादन आधीच मांडतो. एखादे शहर आपल्या धरणाला केवळ ‘तलाव’ म्हणू लागले की त्याला पाणी दिसते, बांध दिसेनासा होतो. मग सांडवा कुठे आहे, तो किती रुंद होता, त्याचे पाणी कुठल्या नाल्याने जाते, हे कुणी विचारत नाही. ही विस्मृती धोक्याची आहे आणि तिच्यावर इलाज करणे हे जितके अभियंत्यांचे, तितकेच इतिहासाच्या अभ्यासकांचे काम आहे.

३/ प्रथम पार्श्वभूमी. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीवर स्थिरावली. त्याच दशकात भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग वऱ्हाडातून गेला. अमरावती ही कापसाची मोठी पेठ झाली. १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरवण्याइतकी ती प्रतिष्ठित नगरी होती.

४/ पेठ वाढली की माणसे वाढतात, माणसे वाढली की तहान वाढते. पूर्णेच्या खोऱ्यात तर पाण्याचे दुखणे जुनेच. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणारा खारपाणपट्टा वऱ्हाडी माणसाला ठाऊक आहे. तेथे विहीर खणून पाणी लागते, पण ते पिववत नाही. अशा मुलखात पावसाचे गोडे पाणी उतारावर अडवून ठेवणे हा शहाणपणाचा मार्ग होता.

५/ अमरावतीला तो उतार पोहऱ्याच्या टेकड्यांनी दिला. त्या टेकड्यांवरून वाहत येणारे पाणी ब्रिटिश आमदानीत पायथ्याशी अडवले गेले आणि वडाळी व छत्री हे तलाव शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी उभे राहिले. अकोल्याच्या बाबतीत तेच काम पातूरच्या वाटेवरील कापशीच्या तलावाने केले. नौकाविहार, बाग, सहल हे सारे नंतरचे. या तिन्ही पाणसाठ्यांचा जन्म विरंगुळ्यासाठी झालेला नाही.

६/ आता मातीचे धरण म्हणजे काय, हे पाहू. लांबून तो मातीचा एक ढीग वाटतो, परंतु त्याला अंतरंग असते. आपल्याकडच्या रूढ पद्धतीत मध्यभागी पाणी सहसा न झिरपू देणारा काळ्या चिकण मातीचा गाभा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाचे कवच. पाण्याच्या बाजूला लाटांनी माती धुपू नये म्हणून दगडांचे अस्तर. खालच्या बाजूला पाझरलेले पाणी शांतपणे निघून जावे म्हणून निचऱ्याची सोय.

७/ यात वऱ्हाडाला जवळची वाटावी अशी एक गोष्ट आहे. जी काळी माती कापूस पिकवते, तीच धरणाचा गाभा होते, कारण ओली असताना ती फुगते आणि पाण्याची वाट बंद करते. मात्र हीच माती उन्हाळ्यात भेगाळते. वैशाखात शेतात पाय अडकेल अशा भेगा पडतात, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मुरमाचे कवच या गाभ्याला उन्हापासून जपते. ते कवच खरवडले, खणले, त्यात खांब रोवले की गाभ्याचे संरक्षण कमी होते.

८/ याखेरीज दोन अवयव असतात. एक विमोचक, म्हणजे बांधाच्या पोटातून पाणी हवे तेव्हा बाहेर सोडण्याची वाट. दुसरा सांडवा, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी आपोआप निघून जावे म्हणून बांधाच्या कडेला, ठरावीक उंचीवर राखलेली मोकळी जागा. वर्षातले बहुतेक दिवस सांडवा कोरडा असतो. म्हणून तो रिकामी, निरुपयोगी जागा वाटतो. मातीच्या धरणाचा प्राण मात्र त्याच जागेत असतो.

९/ कारण सोपे आहे. दगडी भिंतीवरून थोडा वेळ पाणी वाहिले तर ती बहुधा टिकते. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले, तर ते खालच्या उतारावर घळ पाडते, घळ मागे सरकत माथ्याला भिडते आणि मग सारा साठा एकदम त्या खिंडारात शिरतो. यासाठीच मातीच्या धरणाचा माथा सांडव्याच्या पातळीहून बराच उंच ठेवतात. ती मोकळी उंची म्हणजे वाया गेलेली माती नव्हे. ती धरणाच्या आयुष्याची हमी आहे.

१०/ दुसरा मृत्यू आतून येतो. पाणी गाभ्यातून बारीक वाट काढते, जाताना मातीचे कण नेते, वाट रुंदावत जाते आणि एके दिवशी बांध आतून पोकळ झालेला असतो. जुने जाणकार म्हणूनच पाझराकडे पाहत, पण त्याहून अधिक पाझराच्या रंगाकडे पाहत. मातीच्या धरणातून थोडे स्वच्छ पाणी झिरपणे अपेक्षित असते. ते गढूळ येऊ लागले, तर धरण झिजते आहे असे समजावे.

११/ २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले आणि वीसच्या घरात माणसे गेली. ‘खेकड्यांनी धरण पोखरले’ हे तेव्हाच्या मंत्र्यांचे विधान महाराष्ट्रभर थट्टेचा विषय झाले. माझ्या मते थट्टा चुकीच्या जागी झाली. खेकडे, उंदीर, घुशी मातीच्या बांधात बिळे करतातच. हे धरण बांधणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. प्रश्न असा विचारायला हवा होता : बिळे शोधून बुजवण्याचे काम कुणाचे होते?

१२/ आता पुन्हा वऱ्हाडात येऊ. अमरावतीची तहान आज मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याचे ऊर्ध्व वर्धा धरण भागवते. अकोल्याला पाणी येते ते महानच्या काटेपूर्णा प्रकल्पातून. मोठी धरणे आली आणि लहान धरणांचे मूळ काम संपले. आपल्याकडे म्हण आहे, ‘गरज सरो, वैद्य मरो.’ येथे मात्र वैद्य मेला नाही. तो आहे तिथेच, पाठीवर पाण्याचा भार घेऊन उभा राहिला.

१३/ मूळ काम संपलेली वस्तू धोकादायक का होते? जोवर नळाला पाणी त्या तलावाचे येते, तोवर पातळी कुणीतरी मोजतो, झडप कुणीतरी फिरवतो, पाझर वाढला तर कुणीतरी ओरडतो. नळाचा संबंध तुटला की या सगळ्या नजरा एकदम निघून जातात. पाणी तेवढेच राहते, बांध तेवढाच राहतो, राखण मात्र जाते.

१४/ पूर्व विदर्भात हे एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडले आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत कोहळी समाजाच्या कौशल्यातून आणि मालगुजारांच्या देखरेखीतून हजारो तलाव उभे राहिले. नवेगाव बांध हे त्यांतले सर्वांत ख्यातनाम नाव. १९५०-५१ मध्ये मालगुजारी संपली, हे सामाजिक न्यायाच्या दृष्टीने योग्यच झाले. पण तलावांची मालकी सरकारकडे गेली आणि गाळ काढणारे, पाळ सावरणारे हात विखुरले. आजचे ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव. ‘माजी’ हा शब्द तिथे फार बोलका आहे.

१५/ मूळ काम संपल्यावर तलावाचे विहारस्थळ होते तेव्हा काय घडू शकते, याचा इतिहासातला सर्वांत कठोर धडा अमेरिकेत मिळतो. पेनसिल्व्हेनिया राज्यातील जॉन्सटाउन या पोलादनगरीच्या वर, सुमारे २२ किलोमीटरवर, साउथ फोर्क नावाचे मातीचे धरण होते. राज्य सरकारने ते आपल्या जलवाहतुकीच्या कालव्याला उन्हाळ्यात पाणी पुरावे म्हणून बांधले. १८५३ मध्ये ते पूर्ण झाले.

१६/ परंतु तोवर रेल्वे आली होती. कालवा निरुपयोगी ठरला, धरणही. ते विकले गेले, पुन्हा विकले गेले. मधल्या एका मालकाने धरणाच्या तळातून पाणी सोडण्याचे लोखंडी नळ काढून भंगारात विकले. म्हणजे विमोचकच गेला. यापुढे तलावाची पातळी मुद्दाम खाली आणण्याचा मार्ग उरला नाही.

१७/ १८७९ नंतर पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका मासेमारी व शिकार क्लबने तो तलाव घेतला. अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री क्ले फ्रिक हे त्याचे सभासद होते. बांधावरून दोन घोडागाड्या एकमेकींना ओलांडून जाव्यात म्हणून माथा थोडा खाली आणून रुंद केला गेला. तलावात सोडलेले महागडे मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यात जाळ्या बसवल्या. हे सारे शोभेसाठी आणि सोयीसाठी.

१८/ ३१ मे १८८९. रात्रभर प्रचंड पाऊस झाला होता. वाहत आलेला पालापाचोळा आणि ओंडके सांडव्याच्या जाळ्यांत अडकले. पाणी चढत गेले आणि खाली आणलेल्या माथ्यावरून वाहू लागले. मजुरांनी ऐन वेळी नवा सांडवा खणण्याची धडपड केली. दुपारी तीनच्या सुमारास धरण फुटले. तासाभरात पाण्याची भिंत जॉन्सटाउनवर कोसळली. २,२०९ माणसे मेली.

१९/ धोक्याचा इशारा तारेने गेला होता. पण ‘धरण फुटणार’ ही आवई दर पावसाळ्यात उठायची. त्यामुळे पुष्कळांनी ती मनावर घेतली नाही. पुढे खटले झाले, तेव्हा क्लबला नुकसानभरपाई द्यावी लागली नाही. दैवी आपत्ती म्हणून ती घटना नोंदली गेली. नळ विकणारा, माथा उतरवणारे, जाळ्या लावणारे यांपैकी कुणीही एकट्याने धरण फोडले नव्हते. प्रत्येकाने फक्त ते धरण आहे हे विसरून एक छोटेसे काम केले होते.

२०/ ‘हे अमेरिकेतले, तेही सव्वाशे वर्षांपूर्वीचे’ असे कुणी म्हणेल. मग आपल्या शेजारी पाहू. नागपूरचा अंबाझरी तलाव हेही मातीचे धरण. १८७० च्या सुमारास तो नागपूरला पाणी पुरवण्यासाठी सिद्ध झाला, पुढे शहराचे लाडके विहारस्थळ बनला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. तलाव सांडव्यावरून भरभरून वाहिला, नाग नदी फुगली आणि खालच्या वस्त्या झोपेतच पाण्यात गेल्या. माणसे दगावली.

२१/ बांध फुटला नाही, हे नागपूरचे भाग्य. पण त्या पुरानंतर चर्चा कशाची झाली? सांडव्यासमोर उभारलेल्या विवेकानंद स्मारकाने पाण्याची वाट अडली का, याची. हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. वर्षानुवर्षे कोरडी दिसणारी ती जागा रिकामी नव्हती, पाण्यासाठी राखून ठेवलेली होती. त्या जागेचा इतिहास ठाऊक असता, तर स्मारकाला दुसरी जागा सुचली असती.

२२/ आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप : ‘शंभर वर्षे टिकले, म्हणजे पक्के आहे.’ इतिहासाच्या विद्यार्थ्याने या युक्तिवादापासून विशेष सावध राहावे. शंभर वर्षांत बांध तोच राहिला, परिस्थिती बदलली. तलावात गाळ साचला, त्यामुळे तो लवकर भरतो. वरच्या उतारावर घरे आणि रस्ते झाले की पाणी मुरत नाही, झपाट्याने धावत येते. सांडवा ज्या पावसाचा हिशेब धरून आखला, तो पाऊसही पूर्वीसारखा सावकाश पडत नाही. टिकलेला काळ ही साक्ष आहे, हमी नाही.

२३/ दुसरा आक्षेप झाडांचा, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. बांधावर झाडे लावणे हे पुण्यकर्म समजले जाते. परंतु मोठ्या झाडांची मुळे गाभ्यात शिरतात. झाड वाळले की मुळे कुजतात आणि त्यांच्या जागी पाण्यासाठी तयार नळ्या उरतात. वादळात झाड उन्मळले तर बांधाचा लचका घेऊनच पडते. म्हणून मातीच्या बांधावर गवत शोभते, वृक्ष नव्हे. वृक्षांची जागा पाणलोट क्षेत्रात, पोहऱ्याच्या उतारांवर आहे. तिथे ते गाळही अडवतील.

२४/ याचा अर्थ उद्या कुऱ्हाड घेऊन बांधावर जावे असा नाही. वाढलेले झाड अविचाराने तोडले, तर मागे राहिलेली मुळे कुजून तोच धोका निर्माण होतो. प्रत्येक झाडाबाबत धरणाच्या अभियंत्याने निर्णय घ्यावा. आपण एवढेच करावे : पर्यावरणदिनी बांधावर नवे रोप लावून छायाचित्र काढू नये.

२५/ तिसरा आक्षेप सुशोभीकरणाच्या बाजूचा : ‘लोक आले नाहीत तर तलावावर अतिक्रमण होईल, कचरा पडेल.’ हे मला मान्य आहे. वर्दळ ही तलावाची चांगली राखण आहे, आणि शहरातल्या सामान्य कुटुंबाला तिकिटाविना मिळणारा हा थोडासा गारवा मोलाचा आहे. माझा विरोध बागेला नाही, क्रमाला आहे. आधी सांडवा, विमोचक, पाझर, माथ्याची उंची. मग पायवाट, दिवे, कारंजे. आपण मात्र आधी कळस चढवतो आणि पायाची चौकशी पुरानंतर करतो.

२६/ कायद्याच्या आधारावर निश्चिंत राहता येईल का? धरण सुरक्षा अधिनियम २०२१ हा महत्त्वाचा कायदा आहे. तो मुख्यतः १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीची धरणे लांबी, साठा अशा अटी पूर्ण करत असतील तरच त्यात येतात. देशातले असंख्य लहान बांध या चौकटीबाहेर राहतात. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीतून महाराष्ट्रभर झालेले पाझर तलाव आठवा. तेही आता पन्नाशीला आले. लहान धरणाखाली राहणाऱ्या माणसाचा जीव लहान नसतो.

२७/ मग आपण, इतिहासाची आवड असलेल्यांनी, काय करावे? आपण गाविलगडाचे बुरुज मोजतो, अचलपूरच्या हौज कटोऱ्याचे मजले मोजतो. त्याच आस्थेने एखाद्या पावसाळ्याआधी आपल्या गावच्या तलावाचा सांडवा शोधावा. तिथून निघणारा नाला पायी चालत पाहावा. तो कुठे अरुंद झाला, कुठे भिंतीखाली गेला, कुठे रस्त्याने गिळला, हे नोंदवावे. जुने गॅझेटियर, नगरपालिकेचे वार्षिक अहवाल, भूमापनाचे जुने नकाशे आणि आजचे उपग्रहचित्र शेजारी ठेवावे. जुन्या नकाशावर असलेली आणि आज नसलेली पाण्याची वाट हाच तुमचा शोधनिबंध आहे.

२८/ आणि वृद्धांशी बोलावे. कोणत्या साली पाणी कुठवर आले, सांडवा कधी वाहिला, माळी किंवा चौकीदार कोण होते, झडप कुठे होती. ही माहिती कोणत्याही दप्तरात पूर्ण नसते. ती सांगणारी पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. किल्ल्याचा दगड आणखी शंभर वर्षे थांबेल, ही माणसे थांबणार नाहीत.

२९/ महापालिकांकडे माझी मागणी अगदी अल्पखर्ची आहे. प्रत्येक जुन्या तलावावर, ‘आय लव्ह’ च्या चमकदार अक्षरांशेजारी, एक साधा फलक लावावा. त्यावर मराठीत लिहावे : हे मातीचे धरण आहे. बांधकामाचे वर्ष, माथ्याची उंची, पूर्ण संचय पातळी, सांडव्याची जागा व रुंदी, पाणी जाण्याचा नाला, शेवटच्या तपासणीची तारीख आणि जबाबदार कार्यालय. यातला जो रकाना कोरा राहील, तिथून काम सुरू करावे.

३०/ भीती पसरवणे हा या लेखनाचा हेतू नाही. मातीचे धरण नीट राखले तर शतकानुशतके टिकते. दक्षिण भारतातले आणि पूर्व विदर्भातले कित्येक जुने तलाव याची साक्ष देतात. पण ते टिकले ते पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी दरवर्षी बांधावरून चालत जाऊन बिळे बुजवली म्हणून. स्मारक जपायला आदर पुरतो, धरणाला मात्र दरवर्षीची राखण लागते.

३१/ तेव्हा पुढच्या वेळी वडाळीला, छत्रीला, कापशीला जाल तेव्हा पाण्याकडे पाठ करून एकदा दुसऱ्या बाजूला पाहा. बांधाच्या पायथ्याशी काय आहे? किती घरे आहेत? त्या घरांतल्या माणसांना आपण धरणाखाली राहतो हे माहीत आहे का? तुमच्या गावच्या तलावाचा सांडवा तुम्हाला सापडला, तर त्याचे छायाचित्र आणि नाल्याची वाट या थ्रेडखाली जरूर नोंदवा. नोंदी जमल्या, की वऱ्हाडातल्या मातीच्या धरणांचा नकाशा आपण मिळून तयार करू.

#वऱ्हाड #अमरावती #अकोला #पाण्याचाइतिहास